वसईचा किल्ला आणि बुरूड राजाचा कोट

वसईला जाणारा माणूस बहुधा किल्ला पाहायला जातो. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांनी समुद्रकाठी तट बांधले, चर्चे उभारली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने मोठ्या वेढ्यानंतर किल्ला जिंकला आणि १८०२ मध्ये याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे, कारण तो सत्ताधाऱ्यांचा आहे. तटाचे चिरे कोणी वाहिले, हे मात्र कोणत्याही पाठात नसते.

किल्ल्याच्या उत्तरेला काही मैलांवर नालासोपारा आहे. प्राचीन काळी हे शूर्पारक नावाचे भरभराटीचे बंदर होते. तेथे एक टेकाड होते. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा आत कोट नव्हता. विटांचा बौद्ध स्तूप होता. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत आठ बुद्धमूर्ती आणि मध्ये तांब्याचा करंडक निघाला. तांब्यात चांदीचा, चांदीत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याचे तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे इंद्रजींचे मत होते.

ते पात्र खरोखर बुद्धाचेच होते की काय, हे सिद्ध करता येत नाही. पण ज्यांनी ते पुरले, त्यांनी सोन्याहून मोल दिले ते भाजलेल्या मातीला, हे तर उघड आहे. याच महाराष्ट्रात पुढे पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मातीचे मडके अडकवले गेले. त्याची थुंकीसुद्धा रस्त्यावर पडू नये म्हणून! बाबासाहेबांनी १९३६ मध्ये हे लिहून ठेवले. माती तीच, फरक धर्माचा आणि समाजव्यवस्थेचा.

बौद्ध कथांतला पूर्ण या शूर्पारकाचाच. तो व्यापाऱ्याचा, पण दासीच्या पोटचा मुलगा. त्याने बुद्धासाठी येथे चंदनाचा विहार बांधला, असे 'दिव्यावदान' सांगते. ही कथा आहे, पुरावा नव्हे. तरीही दासीपुत्राला नायक करणारी परंपरा या बंदराशी जोडलेली होती, ही गोष्ट लहान नाही.

आता प्रश्न 'बुरूड राजा'चा. सुपल्या-टोपल्या विणणाऱ्या श्रमिक जातीचे नाव एका स्तूपाला कसे चिकटले? बुद्धाचे नाव पुसले गेले आणि उरलेल्या ढिगाऱ्याला लोकस्मृतीने एका कष्टकऱ्याला राजा करून ठेवले, असे म्हणावेसे वाटते. परंतु एवढ्यावरून बुरूड पूर्वाश्रमीचे बौद्ध होते, असे लिहून मोकळे होण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्यांचा इतिहास नाकारला गेला, त्यांनी तो कल्पनेने भरून काढला, तर प्रस्थापितांच्या पुराणांत आणि आपल्या लेखनात अंतर काय राहील? आपला हक्क पुराव्यावर आहे. म्हणून पुरावा तपासण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

सोपाऱ्यालाच इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीच्या, करमणुकीच्या विहारयात्रांना निघत. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधिस्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. वृद्धांना भेटणे आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलणे हा त्या यात्रेचाच भाग होता. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. पोकळ मंगलविधींपेक्षा दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे तो लेख सांगतो. १९५६ हे आपल्या धम्मदीक्षेचेही वर्ष, हा केवळ योगायोग. पण आठवणीत ठेवावा असा.

विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांनी वसईला जरूर जावे. किल्ला पाहावा, स्तूपही पाहावा. स्तूपातून निघालेल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आणि शिलालेखाचे तुकडे तेथल्याच वस्तुसंग्रहालयात आहेत, तेही पाहावेत. पण स्तूपाला हार घालून आणि छायाचित्र काढून परत फिरलो, तर ती विहारयात्राच ठरेल. नालासोपाऱ्याच्या चाळींतून आज हजारो कामगार पहाटेची लोकल पकडतात. त्यांच्याशी बोलावे. टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसून त्याच्या घरात काय सांगितले जाते ते विचारावे, आणि तो सांगेल ते तारखेसह वहीत उतरवून घ्यावे.