शेतमजूर आणि कर्करोग

शेतीतली रसायने, तंबाखू, धूर आणि ऊन यांच्याशी वर्षानुवर्षे संबंध आल्याने शेतात राबणाऱ्यांना संभवणारा कर्करोग, आणि त्यातून होणारे मृत्यू. फवाऱ्याच्या विषाला गावोगाव ‘औषध’ म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

हिरण्यकेशीकाठच्या गडहिंग्लज तालुक्यात ऊस हे मोठे पीक. त्यातल्या रुंद पानांच्या तणावर २,४-डी हे तणनाशक मारतात. पाठीवरच्या पंपाचे झाकण गळके असले की पाणी पाठीवरून कमरेत उतरते आणि ओला सदरा दिवस मावळेपर्यंत अंगावरच सुकतो. मजूर तोंडाला रुमाल बांधतो खरा, पण विषाची मोठी वाट कातडीतून जाते. जांघेतली कातडी तर तळहातापेक्षा कितीतरी जास्त शोषते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली शेतीतल्या रसायनांपैकी लिंडेनला कर्करोगकारक, मॅलॅथिऑन व ग्लायफोसेटला ‘बहुधा’ आणि २,४-डीला ‘कदाचित’ कर्करोगकारक ठरवले. ही प्रतवारी पुरावा किती पक्का ते सांगते, धोका किती मोठा ते नाही. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांत १९९३पासून सुमारे ८९ हजार शेतकरी, फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास चालू आहे. तिथे कर्करोगाचे एकूण प्रमाण इतरांपेक्षा कमीच निघाले; याचे एक कारण, ही माणसे विडी-सिगारेट कमी ओढतात. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र जास्त आढळला.

आपल्याकडे हा दिलासा लागू पडत नाही. गडहिंग्लजच्या उत्तरेला निपाणी, विडीच्या तंबाखूची पेठ. ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून भिनून चक्कर-उलटी होते, तो कर्करोग नव्हे. कर्करोग होतो तो तंबाखू तोंडात गेल्यावर, आणि भांगलणीला जाणाऱ्या कित्येक बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री रोज दातांना लावतात.

रोगाची नुसती भीतीही घातक ठरते. २०१९ साली बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितल्याचे त्यांतल्या अनेकींचे म्हणणे होते.

मृत्यू टाळण्याचा मार्ग मात्र शेजारच्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सापडला होता. तिथल्या १,३१,७४६ ग्रामीण महिलांवरील अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची प्राथमिक तपासणी तिशीपुढच्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत असते. तिला वेळ थोडाच लागतो. बुडतो तो त्या दिवसाचा रोजगार.