येरवड्याची पेटी

मिटलेली असताना ती एखाद्या जाड पोथीएवढी दिसते. साधं सागवानी लाकूड, बाजूला पितळी कडी. कडी काढून पेटी उघडली की आत दोन चाकं आडवी निजलेली दिसतात, एक मोठं आणि एक त्याहून लहान. पलीकडच्या भागात चाते म्हणजे सूत कातायची पोलादी सळई, तिला धरून ठेवणारी खुंटी, सूत गुंडाळायच्या फाळक्याचे सुटे भाग आणि थोडे पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, ठेवायला जागा. मोठ्या चाकात मूठ बसवायची, दोऱ्याची माळ चढवायची आणि मांडी घालून कातायला बसायचं. हा पेटीचरखा. ‘येरवडा चक्र’ हे त्याचं दुसरं नाव, आणि त्याच्या जन्माची हकिगत त्या नावातच आहे.

चरखा मुळात फार जुना. इतिहासकार इरफान हबीब यांच्या मते चाकाचा चरखा भारतात बाहेरून, इराणच्या बाजूनं आला. भारतातला त्याचा पहिला ठोस उल्लेख म्हणून ते इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या १३५० च्या सुमाराच्या फारसी काव्याकडे बोट दाखवतात. महंमद तुघलकानं दिल्लीची माणसं देवगिरीला हलवली, तेव्हा इसामी आपल्या आजोबांबरोबर निघाला. आजोबा वाटेतच गेले. पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयानं त्यानं हे काव्य रचलं, म्हणजे चरख्याची ही नोंद आपल्या दख्खनच्या मातीतच झाली. मात्र ती ज्या प्रसंगात येते तो काही गोड नाही. रझिया सुलतानाबद्दल लिहिताना बाईनं राज्य करू नये, चरख्यापाशी बसावं, असं हा कवी सांगतो. कन्नड वचनांमधला सूतकताईचा उल्लेख याहूनही आधीचा आहे, असं काही अभ्यासक मानतात. चरख्याआधी हातानं फिरवायची चाती होती, टकळी होती. जानव्याचं सूत तर आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत चातीवरच काढलं जाई.

एकोणिसाव्या शतकात गिरणीचं सूत आलं आणि चरखे थांबले. ते किती थांबले होते, याचा पुरावा गांधींनीच दिला आहे. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना आपण चरखा किंवा हातमाग पाहिला असल्याचं आठवत नाही, असं त्यांनी आत्मकथेत मोकळेपणानं नोंदवलं. साबरमतीच्या आश्रमात माग आले, पण सूत गिरणीचंच. चरखा शोधून काढला गंगाबेन मजमुदार यांनी. गुजरातभर हिंडून, बडोदा संस्थानातल्या विजापूरला त्यांना घरोघरी चरखे आढळले. सगळे माळ्यावर, अडगळीत. पेळू मिळाले तर पुन्हा कातू, असं तिथल्या बायका म्हणाल्या आणि काम सुरू झालं. मगनलाल गांधींनी आश्रमात त्या चरख्यात सुधारणा केल्या. पुढे चरखा स्वातंत्र्य चळवळीचं निशाण झाला आणि १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघ उभा राहिला.

पण उभ्या चाकाचा तो चरखा अवजड होता. चाकाचा घेर मोठा, बैठक लांब, एकदा मांडला की खोलीचा कोपरा अडवणार. घरातल्या बाईला तो चाले. सभेला, प्रवासाला, तुरुंगाला जाणाऱ्या कार्यकर्त्याला तो बरोबर नेता येत नसे. शिवाय सूत हळू निघे. हात चांगला बसला असेल तर तासाला तीन-चारशे वार.

म्हणून १९२९ मध्ये चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! अटीही तशाच होत्या. यंत्र हलकं, कुठेही नेता येण्याजोगं, हातानं किंवा पायानं चालणारं हवं. खेड्यातल्या साध्या झोपडीत बाईला फारसे कष्ट न पडता त्यावर सलग आठ तास काम करता आलं पाहिजे आणि तेवढ्या वेळात १६,००० वार सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत आणि आयुष्य वीस वर्षांचं. महाराष्ट्रातून या आव्हानाला मोठं उत्तर मिळालं. किर्लोस्करवाडीला गणेश भास्कर काळे यांनी खटपट करून यंत्र उभं केलं. चाचण्या झाल्या, पण सगळ्या अटी काही पुऱ्या झाल्या नाहीत. बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही.

मला या स्पर्धेच्या अपयशात फार मोलाची गोष्ट दिसते. एका तासात दोन हजार वार ही मागणी खरं तर कारखान्याची होती. घरात बसून हातानं करायच्या कामाचं माप तेवढं नसतं. ज्या साधनानं पुढे घराघरांत जागा मिळवली, ते वेगाच्या शर्यतीतून निघालंच नाही. रोज स्वतः कातणाऱ्या माणसाच्या गरजेतून ते निघालं, आणि तेही पुण्याजवळच्या तुरुंगात.

मे १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधींना येरवड्याला आणलं. आधी १९२२ ते १९२४ ही दोन वर्षं त्यांनी तिथेच काढली होती. या खेपेस काही महिने काकासाहेब कालेलकर सोबतीला होते. पुढे १९३२ मध्ये पुन्हा येरवडा, तेव्हा सोबतीला वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई. रोजची कताई चुकत नव्हती. हात दुखायला लागल्यावर पायानं चालणाऱ्या मगन चरख्यावरही त्यांनी कातलं. कोठडीतल्या जागेत, रोज तेच अवजार हाताळताना त्यातलं काय अडतं, काय नको आहे, हे कळत जातं. या दिवसांत चरख्याची मांडणी बदलत गेली आणि चाकं आडवी होऊन पेटीत बसली.

यातली खरी युक्ती दोन चाकांची आहे. चात्याला भरपूर वेग हवा, तर चाक मोठं हवं, हा उभ्या चरख्याचा नियम. चाक लहान केलं की वेग पडतो. पेटीचरख्यात वेग दोन टप्प्यांत वाढवला. मूठ मोठ्या चाकाला. त्याची माळ जाते लहान चाकाच्या आसाजवळच्या बारीक कप्पीवर, त्यामुळे ते लहान चाक कितीतरी पट जोरानं फिरतं. त्याच्या कडेवरून निघालेली दुसरी बारीक माळ चात्याला फिरवते आणि तिथे वेग पुन्हा वाढतो. समजा पहिल्या टप्प्यात चौपट आणि दुसऱ्यात वीसपट, तर मुठीच्या एका फेऱ्याला चाते ऐंशी वेळा फिरलं. दोन्ही चाकं लहानच राहिली, म्हणून तर पेटी झाकता आली. लहान चाकाखाली स्प्रिंग असते. हवामानानुसार माळ सैल पडली किंवा आखडली, तरी ताण राखायचं काम ती स्प्रिंग करते. बिघडलं तर खेड्यातल्या सुतारानं दुरुस्त करावं, असं हे सगळं काम आहे.

आणि त्यावर कातायचं कसं? डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत पेळू हलका धरायचा. घट्ट धरला की तार तुटते. चात्यावरच्या सुताच्या टोकाला पेळूचे तंतू टेकवायचे आणि उजव्या हातानं मूठ फिरवायची. चाते फिरतं तसं प्रत्येक फेऱ्याला सूत त्याच्या टोकावरून निसटतं आणि एकेक पीळ चढत जातो. त्याच वेळी डावा हात मागे, वर सरकतो आणि कापसातून तार निघत राहते. हात पुरता लांबला की थोडा जास्तीचा पीळ द्यायचा, मूठ किंचित उलटी फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि मग सूत चात्यावर गुंडाळून घ्यायचं. भरत जाते ती कुकडी. कुकडीवरून फाळक्यावर, आणि चार फुटांची एक अशा ६४० तारा झाल्या की एक गुंडी.

पहिल्या दिवशी सूत गाठाळ निघतं, कुठे दोरखंड तर कुठे केस. चाकावरचा हात आणि पेळूवरचा हात एकमेकांना ओळखू लागायला वेळ लागतो. एकदा ती ओळख झाली की तार तुटायची थांबते, चाकाची बारीक घरघर एकसारखी होते, आणि मुठीएवढ्या कापसातून आपल्याच बोटांखाली वारावर वार सूत निघत जातं. हा आनंद सांगून कळत नाही, करूनच कळतो. ज्यांनी कधी देवासाठी वाती वळल्या, कापसाचं वस्त्र केलं, त्यांच्या बोटांना त्याची अर्धी ओळख आधीच असते.

१९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, नई तालीमचा, म्हणजे हातच्या कामातून शिक्षणाचा, विचार पुढे आला आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या कितीतरी शाळांत मूलोद्योग म्हणून सूतकताई शिरली. त्या पिढीतल्या अनेकांनी दप्तरात टकळी नेली आहे. मोरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरनं धनुष्यानं फिरणारी धनुष टकळी केली.  स्वातंत्र्यानंतर अंबर चरखा आला, जास्त चात्यांचा आणि जास्त उत्पादनाचा. खादीचा धंदा त्याच्यावर गेला आणि ते रास्तच होतं. पेटीचरखा मात्र हौसेनं कातणाऱ्यांकडे राहिला. आज अमेरिकेतही आखूड धाग्याचा कापूस हातानं कातणारे लोक आवर्जून तो वापरतात.

२०१३ मध्ये येरवड्यात गांधींनी वापरलेला एक चरखा इंग्लंडमध्ये लिलावात १,१०,००० पौंडांना गेला. अमेरिकन मिशनरी फ्लॉइड पफर यांना त्यांनी तो दिला होता. ती किंमत नावाची. साध्या, बिननावाच्या पेट्या आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहेत. आजोबांच्या, आत्याच्या, कुणाच्या तरी. चाकं धुळीनं जाम झालेली, माळ कुजलेली. घर आवरताना त्यातलीच एखादी भंगारात जाते.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती देऊन टाकू नका. खाली काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, आसांना शिवणयंत्राचं तेल द्या, घट्ट पिळाच्या सुती दोऱ्याची नवी माळ वळा. चाते वाकलं असेल तर तेवढं नवं घ्या. चांगला पिंजलेला कापूस आणून त्याचे पेळू करा आणि रोज थोडा वेळ बसा. शिकवायला घरातलं एखादं जुनं माणूस असेल तर आजच विचारा, कारण हे हातानं हाताला शिकवायचं काम आहे.