एरंडेलावर धावलेली इंजिने

मराठी म्हणीने एरंडाला मोठेपण दिले ते ओसाड गावापुरते. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र जगातील सर्वांत वेगवान इंजिने त्याच्याच तेलावर विसंबून होती. लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या इंजिन तेलाचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही ‘कॅस्टर’ म्हणजे एरंड यावरूनच आले.

याचे कारण रेणूच्या रचनेत होते. एरंडेलातील मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के रायसिनोलिक आम्ल असते. त्याच्या बाराव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटामुळे तेल दाट राहते आणि धातूला घट्ट चिकटते. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. त्या काळच्या विमानांतील फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनांत इंधनाचे मिश्रण वंगणाच्या कप्प्यातूनच जात असे. तेथे खनिज तेल पातळ होई, एरंडेल टिकून राही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आशियातून बियाणे आणून एक लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर एरंड लावण्याची योजना आखली, ती याच गरजेपोटी.

परंतु याच तेलात एक दोषही होता. उष्णता आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने एरंडेलाचा चिकट थर इंजिनात साचतो. शर्यतीचे इंजिन वारंवार उघडून स्वच्छ केले जाई, म्हणून तेथे तो दोष खपला. हजारो किलोमीटर न उघडता चालणाऱ्या मोटारीत तो खपणारा नव्हता.

म्हणजे ‘उत्तम तेल’ असे स्वतंत्रपणे काही नसते. तेल इंजिनाला जुळावे लागते. हे जुळणे मोजण्याची भाषा हळूहळू घडली. १९११ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने श्यानतेनुसार, म्हणजे तेलाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधानुसार, प्रतवारी केली. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी तापमानानुसार श्यानता किती बदलते, हे दाखवणारा निर्देशांक मांडला. आज डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ मधील पहिला अंक थंडीतील प्रवाहीपणा सांगतो, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसवरील श्यानता.

म्हणूनच वेगवान मोटारीला दाट तेलच हवे, हा समज धोक्याचा आहे. तेल फार पातळ असेल, तर बेअरिंगमधील थर तुटून धातूवर धातू घासतो. फार दाट असेल, तर थंड इंजिनात ते वेळेवर पोहोचत नाही आणि शक्ती घर्षणात वाया जाते. बेअरिंगमधील फट, वेग आणि तापमान विचारात घेऊन निर्मात्याने ठरवलेली प्रत हेच त्या हिशेबाचे उत्तर असते.

एरंडाचे जगातील सर्वाधिक उत्पादन आज भारतात होते आणि त्यात गुजरात अग्रेसर आहे. रस्त्यावरील मोटारींच्या इंजिनांतून एरंडेल गेले. पण त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणारे आम्ल लिथियम ग्रीसचा आधार झाले आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये ते आजही काम करते. इंजिनात जे तेल सदोष ठरले, त्याला ग्रीसमध्ये योग्य जागा मिळाली.