शेकोटी आणि कर्फ्यू

डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला निघालो की जुन्या नाशकात कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटलेल्या दिसतात. रात्रपाळीचे वॉचमन, हमाल, रिक्षावाले हात शेकत उभे असतात. आमच्या घरी अम्मी तिला ‘अलाव’ म्हणायच्या. शब्द दोन, ऊब एकच. पण हल्ली जवळ गेलं की लाकडाऐवजी टायर आणि प्लास्टिकचा वास येतो.

आगीवरचे नियम काही आजचे नाहीत. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळालं. ते कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी आग विझवायला सांगितलं, अशी नोंद ‘सहीह बुखारी’त आहे. मध्ययुगीन युरोपात घरं लाकडाची, छपरं गवताची. म्हणून रात्री घंटा वाजली की चुलीतली आग झाकून ठेवावी लागे. ‘आग झाका’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरूनच ‘कर्फ्यू’ आला. आपल्या आठवणीत हा शब्द दंगलीशी जोडलेला आहे. मुळात मात्र तो शेजाऱ्याचं घर वाचवण्यासाठी होता.

आपल्याकडे 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 285 आलं. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासून हाच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 मध्ये आहे. तिथे भीती ज्वाळेची होती.

धुराची भीती नंतर कायद्यात शिरली. अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. 22 डिसेंबर 2016 रोजी लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली: साध्या प्रकारात 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचंही नाव आहे, म्हणजे आपली हवा ठीक नाही हे सरकारदप्तरी मान्य आहे.

नियम बरोबरच आहे. टायरचा धूर आधी शेकणाऱ्याच्याच छातीत जातो, मग शेजारच्या घरातल्या लेकराच्या. पण थंडीही खरीच आहे. पारा फार उतरला की निफाडकडचे शेतकरी द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षाला ऊब लागते, मग रात्रभर गेटवर बसणाऱ्या माणसाला नको?

दिल्लीत हिवाळ्यातल्या प्रदूषणासाठी जे टप्प्याटप्प्याचे निर्बंध आहेत, त्यात एक शहाणी अट आहे: रहिवासी संघटनांनी आपल्या वॉचमन-कामगारांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते उघड्यावर जाळणार नाहीत. आपल्या सोसायट्यांना हे करायला आदेशाची वाट पाहावी लागू नये. ज्याची आग विझवायला सांगतो, त्याच्या थंडीची सोय आधी करावी. हीटर नसेल तर निदान कोरडं लाकूड आणि एक घोंगडी द्यावी. आणि झोपण्यापूर्वी आग विझवावी, हे तर चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून झालं आहे.