त्रिकोणी स्कार्फ, क्रोशाचा

हूक असलेल्या एकाच सुईवर, सलग दोऱ्याने विणलेले तीन टोकांचे हलके वस्त्र. ते गळ्याभोवती गुंडाळतात, खांद्यावर टाकतात किंवा डोक्याला बांधतात. चौकोनी रुमाल कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो खरा, पण कापडाचे दोन थर अंगावर येतात. क्रोशाचा त्रिकोण पहिल्या टाक्यापासून त्रिकोण म्हणूनच वाढतो, त्यामुळे थर एकच राहतो. ठाण्यासारख्या दमट हवेच्या गावात त्याची सगळी मातब्बरी या हलकेपणात आहे.

मराठी पेहरावात त्रिकोणी वस्त्र फारसे रुळलेले नाही. उपरणे, शेला, शाल, ओढणी ही सगळी आयताकृती. मराठी घरांत क्रोशा शिरला तो सजावटीच्या वाटेने. रुखवतात मांडलेले तोरण, ताटावर झाकायचा रुमाल, टेबलक्लॉथ आणि पुढे टीव्हीवर पसरलेली जाळी हे त्याचे ठरलेले अवतार. अंगावर घालण्यापुरता तो बाळाची टोपडी आणि पायमोजे यांत दिसे. थोरामोठ्यांनी मिरवायची वस्तू म्हणून त्याला मान मिळाला तो बराच नंतर.

क्रोशाचे छापील नमुने युरोपात १८२३ पासून, 'पेनेलोपे' या डच मासिकातून मिळू लागतात. १८४५ नंतरच्या आयर्लंडमधील दुष्काळात अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने हात दिला. भारतात मिशनरी बायकांनी ही कला शिकवली. तिचे सर्वांत मोठे केंद्र आंध्र प्रदेशातील नरसापूर असून तेथील क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अशा हलक्या वस्त्राची गरज ठाण्यातल्या नौपाड्यात पाहावी. नौपाडा हा ठाणे स्थानकाच्या पश्चिमेचा, गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, विष्णुनगर असा पसरलेला जुना मराठी मध्यमवर्गीय भाग. येथे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा; जाड लोकरीची शाल बहुधा कपाटातच राहते. गारठा खरा लागतो तो कचेरीत, सिनेमागृहात आणि आता लोकलमध्ये. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये एसी लोकल सुरू झाली. घामाघूम होऊन फलाटावर पोचलेल्या बाईला पुढचा पाऊण तास थंड झोतासमोर काढायचा असला, तर गळा आणि खांदे झाकणारे आणि एरवी पर्समध्ये मावणारे काहीतरी हवे असते. ते काम हा स्कार्फ नेमके करतो. स्कूटीवरून जाताना तोंडाला बांधायला मात्र तो कुचकामी आहे. जाळीतून धूळ सरळ आत येते.

लोकलमध्ये विणायलाही क्रोशा सोयीचा. दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर चढलेली असते. गर्दीत धक्का लागून सुई निसटली की टाके पळतात. क्रोशात सुईवर एकच वेढा जिवंत असतो. स्थानक आले की तो जरा मोठा ओढून ठेवायचा आणि काम पिशवीत टाकायचे.

विणायला तीन गोष्टी याव्या लागतात : साखळी, खांब आणि टाके वाढवणे. खांबासाठी सुईवर एक वेढा घेऊन सुई खालच्या टाक्यात घालतात आणि दोरा ओढून घेतात. सुईवर तीन वेढे होतात. ते दोन-दोन करून सोडवतात. सुरुवात वरच्या काठाच्या मध्यापासून होते. दोऱ्याचे सरकते कडे करून त्यात ४ खांब, २ साखळ्या आणि पुन्हा ४ खांब घालतात (पहिला खांब म्हणजे ३ साखळ्या). कडे आवळून काम उलटतात. पुढच्या प्रत्येक ओळीत पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात ३-३ खांब, मधल्या साखळीच्या घरात २ खांब, २ साखळ्या, २ खांब आणि बाकी टाक्यावर टाका. कडेला २-२ आणि मध्ये ४ असे ८ खांब दर ओळीला वाढतात. मधल्या घरांची जी सरळ रेघ उतरत जाते, तीच पाठीवर येणारी कण्याची रेघ.

आठ हा आकडा हवेतून आलेला नाही. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. मधला कोन काटकोन राहून त्रिकोण सपाट पडायचा, तर ओळीच्या उंचीच्या चौपट लांबी दर ओळीत वाढावी लागते; म्हणजे ८ खांब. मुका खांब म्हणजे बुटका टाका; त्याची उंची आणि रुंदी जवळपास सारखी, म्हणून तेथे ४ पुरतात. वाढ कमी पडली किंवा जास्त झाली, तर वरचा काठ सरळ राहत नाही आणि त्रिकोणाचा आकार बिघडतो. परदेशी नमुना वाचताना नेमका येथेच घोटाळा होतो. अमेरिकी नमुन्यातला 'डबल क्रोशे' हा आपला खांब, तर ब्रिटिश नमुन्यातला 'डबल क्रोशे' हा मुका खांब. नमुना अमेरिकी आणि हात ब्रिटिश पुस्तकावर बसलेला, अशा वेळी पाचसहा ओळींतच आकार बिघडलेला दिसू लागतो. तेव्हा टाके मोजत बसू नये. नमुना कुठल्या देशाचा ते आधी पाहावे.

दुसरी फसगत सुताची. ओळीगणिक टाके वाढत असल्यामुळे सूत चढत्या वेगाने संपते. ४० ओळींच्या स्कार्फात एकूण ६५६० खांब होतात. त्यांतले पहिल्या २० ओळींत १६८० म्हणजे जेमतेम पाव. निम्मे सूत २८व्या ओळीच्या सुमारास संपते आणि उरलेले निम्मे फक्त शेवटच्या १२ ओळी खातात. ३२० खांबांची शेवटची ओळ एकटीच जवळजवळ ५ टक्के सूत घेते. अर्धी उंची झाली आणि गुंडा भरपूर उरलाय, तेव्हा मोठी किनार करू, असा बेत म्हणून अंगलट येतो. पहिल्या काही ओळी विणून झाल्यावर गुंडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावा आणि किनारीपुरते सूत आधीच बाजूला काढावे. एकाच रंगाची छटा दुसऱ्या खेपेच्या गुंड्यात तंतोतंत मिळेल याचा भरवसा नसतो.

४ प्लायचे सुती सूत, ४ मि.मी.ची सुई आणि सैल हात घेतला तर ४० ओळींत सुमारे १३५ सें.मी. रुंद व ६८ सें.मी. खोल स्कार्फ होतो. सुईच्या बाबतीत कंजूषपणा नको. वेष्टनावर सांगितलेल्या आकारापेक्षा एक आकार मोठी सुई घ्यावी, नाहीतर तयार होतो तो स्कार्फ नव्हे, टेबलावरचा रुमाल. एक खांब, एक साखळी अशी जाळी घातली तर सूत वाचते आणि हवा खेळते. बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतात तो बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा धागा असतो. तो स्वस्त, हलका आणि रंगांना पक्का. पण ठाण्याच्या ऑक्टोबरमध्ये मानेला घाम आणतो. सूत घाम टिपते, मात्र वजनाला जड आणि ओघळणारे. प्रस्तुत लेखकाचे मत सुताच्या बाजूने आहे.

विणून झालेला स्कार्फ आक्रसलेला, टाक्याटाक्यांत कुबडलेला दिसतो. तो पाण्यात भिजवून, टॉवेलात गुंडाळून पाणी निपटायचे आणि सतरंजीवर टाचण्या लावून ताणून वाळवायचा. जाळी मोकळी होते, टोके धारदार येतात. अॅक्रिलिकवर नुसत्या पाण्याचा असर टिकत नाही. त्याला लांबून हलकी वाफ द्यावी लागते, इस्त्री टेकली की धागा चपटतो. पावसाळ्यात सुती स्कार्फ पंख्याखालीही लवकर वाळत नाही, म्हणून हे काम उन्हाच्या दिवसांसाठी राखून ठेवलेले बरे.

खरे क्रोशाकाम अजून कारखान्यातल्या यंत्रांवर होत नाही. कारखान्यात बनते ती दुसऱ्या तऱ्हेच्या विणीची, क्रोशासारखी दिसणारी जाळी. साहजिकच किंमत ठरते ती हाताच्या वेळेवर. मिनिटाला १५ खांब धरले, तरी ६५६० खांबांना सव्वासात तास लागतात. उसवणे, किनार आणि ताणून वाळवणे वेगळे. दिवाळीआधी भरणाऱ्या गृहोद्योगांच्या प्रदर्शनांत हा हिशेब कोणी मांडत नाही. गिऱ्हाईक सुताचे पैसे मनात धरून भाव करते आणि विणणारीही बरेचदा तेवढ्यालाच देऊन टाकते. ओळखीतल्या बाईकडून करून घेताना सूत आपण आणून द्यावे आणि मजुरी आधी, वेगळी बोलून घ्यावी.

वापरात स्कार्फ हँगरला टांगू नये. स्वतःच्या वजनाने कण्याची रेघ लांबते आणि मधले टोक लोंबते. घडी करून ठेवावा. मंगळसूत्राच्या वाट्यांत आणि कानातल्याच्या फिरकीत जाळी अडकते. अडकलेला टाका ओढून तोडू नये. आजूबाजूचे दोनचार टाके सुईच्या टोकाने सैल करत तो परत मागे घेता येतो.