मेस्त्राची शाळा

आपल्या देवस्थानांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा एका ठिकाणी येऊन थांबतो. अमुक साली देवालय मोडले, भक्तांनी मूर्ती नदीपार नेली, अंत्रुजात नवे स्थान झाले. येथे कथा संपते. मागे राहिलेल्या गावात पुढे काय घडले, याकडे आपले लक्ष जात नाही. ते स्वाभाविकच आहे. घर सोडावे लागलेला मनुष्य त्या घरात पुढे कोण नांदले हे सहसा विचारीत नाही. पण वकिली व्यवसायात जमिनीचे जुने कागद चाळण्याचा प्रसंग वारंवार येतो, आणि कागदांचा स्वभाव असा की ते मोडलेल्या देवळापाशी थांबत नाहीत. देवाची जमीन कोणाकडे गेली, तिचे उत्पन्न कशावर खर्ची पडले, हे ते सांगत राहतात. त्या खर्चाच्या बाबींत एक बाब आहे मेस्त्राच्या पगाराची. मेस्त्र म्हणजे चर्चच्या गावशाळेचा पंतोजी. त्याच्या शाळेविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

आरंभ सुखावह नाही, आणि तो झाकण्यात अर्थही नाही. 1540 मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली. पुढच्याच वर्षी, 1541 च्या जूनमध्ये, त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्यासाठी गावकारांकडून लिहून घेण्यात आले. याच उत्पन्नाच्या आधारावर गोवा शहरात एतद्देशीय मुलांसाठी जे विद्यालय निघाले, ते पुढे जेझुइटांच्या हाती जाऊन सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. हिंदुस्थानातील पहिला छापखाना 1556 मध्ये तेथेच सुरू झाला. म्हणजे आमच्या देवांच्या तेलवातीचा पैसा विद्यादानाकडे गेला असे म्हणावे, तर 1559 चा कायदा आडवा येतो. त्या कायद्याने आईबाप व आजेआजी नसलेली हिंदू मुले याच कॉलेजच्या स्वाधीन करून त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढविण्याची आज्ञा केली. पुढे 1567 च्या धर्मप्रांतीय परिषदेने आणखी एक पाऊल टाकले. पाद्रींनी गावातील हिंदूंच्या याद्या कराव्यात आणि त्यांना पाळीपाळीने प्रवचनास हजर ठेवावे, असे तिने ठरविले. गोव्यातील हजेरीपटाचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचे पहिले पान हे असे आहे.

गावोगावच्या चर्चशाळाही सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या. नवख्रिस्ती कुटुंबांतील मुलांना धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि गायन शिकवणे हे त्यांचे काम. या शाळेचे एक जुने चित्र आपल्या मराठीतच सापडते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. आपण हा ग्रंथ कशामुळे लिहिला, हे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. साष्टीत एका रविवारी ते मुलांना धर्मपाठ देत असताना एका बुद्धिमान ब्राह्मणाने त्यांना विनंती केली, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी तशाच तऱ्हेचे काही का देत नाही? त्या मनुष्याची मनःस्थिती काय असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. धर्म बदलला होता, परंतु ओवीची भूक तशीच होती. मुलांच्या वर्गाबाहेर उभे राहून विचारलेल्या या एका प्रश्नातून मराठीला सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मिळाला.

ही उदार दृष्टी टिकली नाही. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. पाद्री व शाळामास्तर यांनी मुलांना पोर्तुगीजमधूनच शिकवावे, असेही त्यात फर्मावले होते. पुढे 1745 मध्ये एका आर्चबिशपने पोर्तुगीज न येणाऱ्यांचे लग्न लावू नये, असे पत्रक काढले. कायद्याचा अभ्यासक म्हणून मला हे हुकूम वाचताना एक गंमत वाटते. एकच हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो, तेव्हा तो पाळला जात नाही याचा तो पुरावाच असतो. मूल सकाळी मेस्त्रासमोर पोर्तुगीज घोकी आणि दुपारी घरी येऊन आईपाशी कोंकणीत पेज मागे. आई शाळेत गेलेली नसे. या शाळा बहुतांशी मुलग्यांच्याच होत्या. कोंकणी वाचली याचे श्रेय बव्हंशी त्या निरक्षर मातांकडे जाते.

मग मूल शाळेत येई कशासाठी? साष्टी-बारदेशातील वृद्ध अशिलांना मी हे विचारले आहे. आपल्या बापजाद्यांच्या शाळेविषयी बोलताना धर्मपाठाचा उल्लेख ते ओझरता करतात, हातावर बसणाऱ्या लाकडी पालमातोरचा हसत करतात, आणि व्हायोलिनपाशी येऊन रेंगाळतात. मेस्त्र शाळेचा शिक्षक तसाच चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुखही असे. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो प्रथम सोल्फेजो, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, शिकवी. स्वर पक्के झाले की हाती वाद्य येई. लवकरच ते मूल रविवारच्या मिसेला गाऊ लागे. कोणाच्या घरी वा वाटेवरच्या क्रुसापाशी लदीन असली की व्हायोलिनच्या साथीने लॅटिन स्तोत्र म्हणायला जाई आणि परत येताना मुठीत उकडलेले चणे घेऊन येई. पवित्र सप्ताहातील मोतेत तर गावोगावच्या मेस्त्रांनी स्वतः रचलेले असत. मुलाची शाळेतील गैरहजेरी अशा रीतीने साऱ्या गावाला ऐकू येई. गाण्यातला एक आवाज कमी पडे. हुकूमनाम्यांना जे साधले नाही, ते येथे सहज साधत होते.

आर्थिक बाजूही पाहण्यासारखी आहे. जुन्या काबिजादीतील गावांत चर्चचा खर्च आणि त्यासोबत मेस्त्राचे वेतन यांचा भार पुष्कळ अंशी गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, उचलीत असे. पैसा गावाच्या सामाईक शेताचा. मानपानही गावाचेच: कोणत्या फेस्ताचा मान बामणांच्या कॉफ्रारियेकडे आणि कोणता चाड्ड्यांच्या, यावरून तंटे होत. महाजनकीच्या दाव्यांशी परिचित असलेल्या वाचकांना यात काही अपरिचित वाटू नये.

इकडे आमच्या मुलांची तजवीज निराळी होती. ओटीवर वा देवळाच्या अग्रशाळेत शेणैमाम मोडी अक्षर व हिशेब शिकवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पणजीस घरोघरची मूठमूठ तांदूळ गोळा करून मुष्टिफंडाची मराठी शाळा उभी राहिली. 1910 च्या प्रजासत्ताकाने हिंदूंना कायद्याने समान हक्क दिल्यावर असे प्रयत्न अधिक जोमाने वाढले. संगीताचे म्हणाल, तर ते आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात वाढत होते. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ही नावे सांगण्याची गरज नाही. तिकडे माजोर्ड्याच्या चर्चमधील मेस्त्राचा मुलगा, 1927 मध्ये जन्मलेला अँथनी गोन्साल्विस, मुंबईस जाऊन चित्रपटसंगीतात वादक व वाद्यवृंदरचनाकार झाला. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात आपल्या या गुरूचे नाव त्यांनी अजरामर केले. मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत दीनानाथांची कन्या गात असताना मागे व्हायोलिन धरून बसलेल्यांत कितीतरी जण मेस्त्राच्या शाळेत स्वर शिकलेले होते. तिच्या पूर्वजांचा मंगेश मुळात कुठ्ठाळीचा, म्हणजे साष्टीचाच. माजोर्डेही साष्टीतलेच.

1961 नंतर पोर्तुगीज गेली आणि चर्चच्या पुष्कळ शाळांनी इंग्रजी धरली. 1990 मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठेवले, तेव्हा धर्मप्रांताच्या शंभराहून अधिक शाळा कोंकणी माध्यमाच्या झाल्या, त्याही देवनागरी लिपीत. 1684 चा हुकूम ज्यांच्याकरवी बजावला गेला, त्यांच्याच शाळांत तीनशे सहा वर्षांनी कोंकणीत मुळाक्षरे गिरविली गेली. पण हेही पालकांना रुचले नाही, आणि 2011 मध्ये इंग्रजी माध्यमासही अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्यावरून गोव्यात जे वादळ उठले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वादात मला दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडेथोडे पटत असे, आणि म्हणून कोणाशीच माझे जमले नाही.

आज या लहान शाळांत हिंदू मुलेही शिकतात. सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणासही त्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस हजर राहावे लागणार नाही, असे संविधानाचे कलम 28 सांगते. 1567 ची यादी आणि हे कलम शेजारी शेजारी ठेवून मी एका आईला दाखविले होते. मुलाला चर्चच्या शाळेत घालावे की नाही, हे विचारायला ती आली होती. तिने दोन्ही लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि मग विचारले, शाळेत पेटी शिकवतात की व्हायोलिन?