डॉक्टरांची सही आणि संगणकाची तारीख

वडील गेले तेव्हा दफनाची घाई होती. आमच्याकडे मय्यत घरात फार वेळ ठेवत नाहीत. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि चिठ्ठीवर लिहिले, 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.' ती घेऊन आम्ही कब्रस्तानात गेलो. हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचेच बंद पडते, मग वडील गेले कशाने, हा प्रश्न पुढे कितीतरी दिवसांनी पडला.

डॉक्टरांच्या या सहीचा कायदेशीर इतिहास इंग्लंडमध्ये नीट पाहता येतो. तेथे 1837 साली जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. विल्यम फार यांनी त्या नोंदींतून रोगराईचा हिशेब मांडला. 1874 च्या कायद्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचे कारण लिहून देणे बंधनकारक झाले. पण त्याने लिहिलेले खरे की खोटे, हे कोण पाहणार? दहन करायचे असेल तर दुसऱ्या डॉक्टरची सही लागे, तीही पुष्कळदा उपचारापुरतीच असे.

मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा डॉ. हॅरॉल्ड शिपमन याच विश्वासावर वर्षानुवर्षे निभावून गेला. रुग्णाला अफूजन्य औषधाचे इंजेक्शन द्यायचे आणि दाखल्यावर आपणच कारण लिहायचे! जून 1998 मध्ये वारलेल्या एका 81 वर्षांच्या बाईंच्या दाखल्यावर त्याने 'वार्धक्य' लिहिले होते. मृत्युपत्र बनावट असल्याचा संशय त्यांच्या मुलीला आला, दफन केलेला देह बाहेर काढला गेला आणि त्यात मॉर्फिन सापडले.

मला खरा धक्का बसतो तो पुढच्या तपशिलाने. रुग्णांना जुना आजार होता असे भासवण्यासाठी त्याने संगणकातल्या नोंदी मागच्या तारखा घालून लिहिल्या होत्या. नोंद खरोखर कधी टंकली, ती वेळ मात्र संगणकाने आतल्या आत जपून ठेवली होती. शाईला हे जमले नसते. 2000 साली 15 खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. चौकशी आयोगाने 2002 मध्ये बळींची संख्या 215 सांगितली.

दाखला दुसऱ्या डॉक्टरने तपासावा, ही सुधारणा कायद्याने सर्वत्र लागू व्हायला मात्र 9 सप्टेंबर 2024 उजाडला. दरम्यान कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, दाखला निबंधकाकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायला मुभा मिळाली होती. त्याआधी तो कागद नातेवाईकच खिशात घालून नेत.

आपल्याकडे 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबरपासून नोंदणी संगणकावर आली. डॉक्टरने कारणाचा दाखला विनाशुल्क द्यायचा आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाईकालाही द्यायची, असे त्यात आहे. तरी 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांचे कारण वैद्यकीय दाखल्यावर होते. संगणक रिकामा रकाना अडवील. 'हृदयक्रिया बंद' एवढेच लिहिले तर तो काय करणार?

डॉक्टरांच्या छापील नमुन्यात आधी तात्कालिक कारण येते, मग ते कशामुळे झाले, आणि शेवटी मूळ आजार. वडिलांच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती.